उन्हाळ्यात परस ओस का पडावे?

माघ महिन्याच्या उत्तरार्धात देशावरील कोणत्याही गावातून दिवेलागणीच्या सुमारास जावे, तो घरोघरच्या परसांतून धुराचे लोट वर चढताना दिसतात. कडुनिंबाची व शेवग्याची पाने गळू लागलेली असतात. सीताफळाची झाडे उघडी पडलेली असतात. हिवाळ्यात लावलेल्या टोमॅटोची वाळलेली झाडे, घेवड्याचे वठलेले वेल आणि मेथी-कोथिंबिरीची फुलावर गेलेली रोपे असा सारा पसारा परसाच्या एका कोपऱ्यात लोटून त्यास काडी लावली जाते. दुसऱ्या दिवशी राख उकिरड्यावर जाते, परस झाडून लख्ख होते, त्यावर शेणसडा पडतो, आणि मग मृगाचा पाऊस येईपर्यंत त्या जागेत हिरवे असे काही उगवत नाही. अशा स्वच्छ परसाचे कौतुक होते, व स्वच्छतेपुरते ते रास्तही आहे. परंतु त्या संध्याकाळी जे जळून जाते तेच पुढील चार महिन्यांच्या भाजीपाल्याचे भांडवल असते, हे फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

परसबागेविषयी आजवर पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. तरीही तिच्या ऋतुमानाविषयी एक गैरसमज सर्वत्र रूढ आहे. बागकामाची जी पुस्तके शहरांतून मिळतात त्यांत वसंताच्या तयारीचे वर्णन थंड देशांच्या धर्तीवर केलेले असते. तेथे बर्फ व दहिवर संपण्याची वाट पाहावी लागते, म्हणून तेथील माळी वसंत आल्यावर कामाला लागतो. आपल्याकडील गोष्ट नेमकी उलट आहे. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख; पण चैत्र उजाडतो तेव्हा सोलापूर, अहिल्यानगर, बीड, जळगाव या भागांत ऊन चाळिशीच्या घरात पोचू लागलेले असते. त्या उन्हात नुकते उगवलेले रोप टिकत नाही. टिकते ते महिना-सव्वा महिन्याचे, मुळे खोल गेलेले रोप. म्हणून पाडव्याला परसात हिरवळ हवी असेल तर कुदळ माघातच घेतली पाहिजे. थंडी पुरती ओसरण्याच्या आधी खड्डे, थंडी ओसरताच बी, असा हा क्रम आहे. फार घाई केली तरीही निभत नाही; भेंडीचे बी थंड मातीत टाकले तर ते उगवण्याऐवजी कुजते. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा एक महिना एवढाच काय तो योग्य काळ, आणि नेमक्या याच काळात गावोगावची परसे जाळून मोकळी केली जातात.

या बाबतीत शेतकरी कुटुंबांना दोष देऊन चालणार नाही. परसबागेचे बियाणे, पत्रके आणि मोहिमा हे सर्व पावसाळ्याच्या तोंडावर गावात पोचते. राज्यातील ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने २०२० साली ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम हाती घेतली, तीही पावसाळ्याच्या आरंभी. पाऊस असला म्हणजे पाणी द्यावे लागत नाही, उगवण चांगली होते, छायाचित्रेही हिरवीगार येतात. त्यामुळे ही वेळ सोयीची वाटते. तथापि श्रावणात गावकऱ्याला भाजीची वाण नसते. टाकळा, कुरडू, तांदुळजा, घोळ, पाथरी यांसारख्या रानभाज्या त्या दिवसांत बांधाबांधावर फुकट मिळतात. खरी ओढाताण होते ती चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत. आठवडे-बाजारात येणारी पालेभाजी दुपारपर्यंत माना टाकते. तिचे भाव चढतात. आणि घरात पिठले, डाळ, बेसन, सांडगे आणि वाळवून ठेवलेली गवार यांवर दिवस निघतात. ज्या ऋतूत निसर्ग स्वतः ताट वाढतो त्या ऋतूत आपण बी वाटावयाचे, आणि ज्या ऋतूत ताट रिकामे असते त्या ऋतूत स्वस्थ बसावयाचे, ही व्यवस्था उलटी आहे, असेच म्हणावे लागते.

हा प्रश्न केवळ जिभेच्या रुचीचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत ते ६८.९ टक्के इतके होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दिवसाच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच माणसांच्या घरात हा हिशेब दररोज दोन किलोंवर जातो. उन्हाळ्यात इतकी भाजी विकत घेणारी कुटुंबे खेड्यात किती असतील, हे ज्याचे त्याने आपल्या गावाकडे पाहून ठरवावे. परसातून ही सर्व गरज भागेल, असेही कोणी सांगू नये. लहानशा वाफ्यातून आठवड्यातून दोन-तीन वेळा पालेभाजी आणि एक दिवसाआड थोडी फळभाजी निघाली तरी पुष्कळ झाले. माठाच्या किंवा राजगिऱ्याच्या भाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातील लोह अंगी लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते, एवढी गोष्ट भाजीबरोबर सांगितली गेली पाहिजे. नुसत्या पालेभाजीने रक्तक्षय हटत नाही. अंगणवाडीतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांची जागा माठ घेऊ शकत नाही. पण गोळी सुटली तरी ताटातली भाजी सुटू नये, हाही विचार आहेच.

आता मुख्य आक्षेपाकडे वळावयास हवे. उन्हाळ्यात प्यावयास पाणी नाही, तेथे भाजीला कोठून आणावे, असे कोणीही गृहिणी विचारील, आणि तिचे म्हणणे खरे आहे. पत्रकांतून आदर्श परसबाग म्हणून बहुधा एका गुंठ्याचा आराखडा छापलेला असतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत देशावर वाढत्या पिकाला दिवसाला सहा ते आठ मिलिमीटर पाणी लागते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. सहाच मिलिमीटर धरले तरी गुंठ्याला रोज सहाशे लिटरांवर पाणी झाले, म्हणजे पंधरा लिटरांच्या चाळीस बादल्या. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे उद्दिष्टच माणशी दररोज ५५ लिटरांचे आहे. पाच माणसांच्या घरी सारे मिळून २७५ लिटर. ज्या घरात पिण्यापासून न्हाण्यापर्यंत सर्व गोष्टी २७५ लिटरांत बसवावयाच्या, त्या घराला सहाशे लिटरांची बाग सांगणे म्हणजे चेष्टा आहे. ती बाग चैत्रातच करपते, आणि करपलेल्या बागेचा अनुभव घेतलेली गृहिणी पुढील वर्षी बियाणाच्या पुडीला हात लावीत नाही. येथे चूक गृहिणीची नसून आराखड्याची आहे.

म्हणून बागेच्या मापाने पाणी शोधण्यापेक्षा पाण्याच्या मापाने बाग आखावी. भाज्या, तांदूळ, डाळी धुतल्याचे पाणी, भांडी विसळल्याचे शेवटचे पाणी आणि आंघोळीच्या पाण्याचा काही भाग मिळून चार बादल्या पाणी बहुतेक घरांत रोज गटारात जाते. चार बादल्या म्हणजे साठ लिटर. या पाण्यावर शंभर चौरस फूट, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर जागा हिरवी राहू शकते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद, एवढी जागा गावठाणातील लहानशा घरालाही असते. मे महिन्यात पाण्याची गरज आणखी वाढते. तेथे पाचटाचे किंवा पाल्याचे आच्छादन आणि दुपारची सावली यांनी तूट भरून काढावी लागते. गुंठ्याच्या आराखड्यापुढे हे शंभर चौरस फूट क्षुल्लक दिसतील, पण ते ज्येष्ठापर्यंत जगतील.

सर्वच सांडपाणी मात्र सारखे नव्हे. पूर्वी भांडी राखेने घासली जात आणि न्हाणीचे पाणी अळवाच्या व केळीच्या बुंध्याशी जाई. त्या व्यवस्थेत शहाणपण होते. आज कपड्यांच्या धुण्याच्या पुडीत सोडियमयुक्त क्षार असतात. ते पाणी वारंवार एकाच जागी पडले तर माती चोपण होते, पाणी मुरेनासे होते आणि पाने कडांनी करपतात. तेव्हा कपड्यांचे पहिले, फेसाळ पाणी बागेला मुळीच देऊ नये. न्हाणीचे पाणी विटांचे तुकडे व जाड वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून केळ, कर्दळ किंवा शेवग्याकडे सोडावे. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर व काकडी यांना, तसेच जमिनीलगतच्या पालेभाज्यांना, फक्त धान्य-भाजी धुतल्याचे व विसळलेले शेवटचे पाणी द्यावे. अलीकडे गावोगावी शोषखड्डे घेतले गेले आहेत. त्यांनी गटारे व डास कमी झाले, हे मान्यच आहे. परंतु पाणी शोषखड्ड्यात जाण्यापूर्वी वाटेत एखादी केळ, एखादा अळवाचा वाफा का असू नये, याचा विचार खड्डा घेताना सहसा केला जात नाही.

माघातील कामास आरंभ खड्ड्यांपासून करावा. वेलवर्गीय भाज्यांसाठी दीड फूट लांब, रुंद व तितकाच खोल असा खड्डा पुरतो. दहा बाय दहाच्या जागेत असे तीन खड्डे पश्चिमेच्या कडेने घ्यावेत. जुन्या गावठाणातील माती बहुधा पांढरीची असते. तीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण व भिंतींची माती मिसळलेली असल्यामुळे ती एरवी कसदार असते. पण घर नव्याने बांधले असेल तर तिच्यात चुना, सिमेंट आणि विटांचा चुरा असतो. असा राडारोडा निघाल्यास तो काढून टाकून शेतातील माती आणलेली बरी. खड्डे आठ-पंधरा दिवस उन्हात उघडे ठेवावेत. नंतर तळाशी वाळलेला पाला चांगला तुडवून भरावा. त्यावर निम्मी माती व निम्मे कुजलेले शेणखत यांचे मिश्रण आणि दोन मुठी निंबोळी पेंड घालून खड्डा भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन बोटे खालीच ठेवावा, म्हणजे घातलेले पाणी वाहून जात नाही. उकिरड्यावरचे ताजे शेण घालण्याचा मोह टाळावा. त्याने हुमणी येते आणि कोवळी मुळे पोळतात.

पाणी देण्याची एक जुनी रीत आहे, तिचा येथे विशेष उल्लेख करणे अगत्याचे आहे. कुंभाराकडील सात-आठ लिटरांचे, न रंगविलेले, कच्च्या अंगाचे मडके खड्ड्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरावे आणि तोंडावर झाकणी ठेवावी. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते. वरची माती कोरडी राहते, त्यामुळे तणही कमी उगवते, आणि वेलाची मुळे मडक्याला वेढून बसतात. दोन-तीन दिवसांतून एकदा मडके भरले तरी वेल तग धरतो. झाकणी मात्र विसरू नये, नाहीतर त्यात डासांची पैदास होते. क्षारयुक्त पाण्याने मडक्याची छिद्रे कालांतराने बुजतात. तेव्हा वर्षातून एकदा ते काढून खरवडून धुवावे. दुकानात मिळणाऱ्या नळ्या व तोट्यांपेक्षा हे साधन शंभर चौरस फुटांच्या बागेला अधिक सोयीचे आहे, आणि गावच्या कुंभाराला ऐन उन्हाळ्यात चार पैसे मिळतात, हाही लाभच.

तीन खड्ड्यांवर दुधी, दोडका आणि कारले असे तीन वेल पुरे. कारल्याच्या बियांचे कवच कठीण असते. त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पेराव्यात. एका आळ्यात तीन-चार बिया टाकून पुढे जोमदार अशी दोन रोपे ठेवावीत. बांबू किंवा निलगिरीच्या वाशांचा सहा-साडेसहा फूट उंचीचा मांडव वेल चढू लागण्यापूर्वीच घालावा. वेल लोंबकळू लागल्यावर मांडव घालण्याची धावपळ करणाऱ्यांचे निम्मे वेल मोडतात. हा मांडव परसाच्या पश्चिमेस असला म्हणजे दुपारनंतरचे कडक ऊन अडते आणि त्याच्या आडोशाला माठ, राजगिरा, चुका, अंबाडी यांचे लहान वाफे तग धरतात. माठ पंचवीस-तीस दिवसांत कापणीस येतो. म्हणून सारे बी एकदम न टाकता दर पंधरवड्याला एक वाफा पेरावा. उरलेल्या मोकळ्या उन्हाच्या जागेत दोन ओळी भेंडीच्या व एक ओळ गवारीची बसते. भेंडीत परभणी येथील कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ आणि बंगळूरच्या संस्थेचे ‘अर्का अनामिका’ हे वाण शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगास बऱ्यापैकी दाद देत नाहीत. गवारीत ‘पुसा नवबहार’ चांगला. हिवाळ्यातील वांग्याची झाडे निरोगी असतील तर ती उपटू नयेत. जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटून खत-पाणी दिल्यास त्यांचा खोडवा धरतो आणि नव्या रोपांच्या आधी फळे देतो.

येथे बियाणाच्या पुड्यांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. एकाच पाकिटात सात-आठ प्रकारची बियाणी घालून ती बाराही महिने वाटली जातात, तेव्हा ऋतूचा विचार मागे पडतो. देशी वाल व पावटा या दिवसमानावर चालणाऱ्या भाज्या आहेत. दिवस लहान होऊ लागल्यावाचून त्या फुलत नाहीत. माघात पेरलेला पावटा मांडवभर पसरतो, पाणी पितो, आणि शेंग धरीत नाही. मग गृहिणी म्हणते, बी खोटे निघाले. पालक आणि कोथिंबीर चैत्रातील उन्हात चार पानांवरच फुलावर जातात. घेवड्या-वालांच्या देशी वाणांचे मोल कमी आहे, असा याचा अर्थ नव्हे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणांच्या जतनाबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्यांचे कितीतरी प्रकार आहेत. परंतु प्रत्येक बीजाला त्याचा काळ असतो; तो पुडीवर छापलेला नसेल तर पुडीचा उपयोग निम्मा.

आता त्या धुराकडे परत येऊ. सर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथे केलेल्या प्रयोगांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. शेतातील व घरातील टाकाऊ पाला, शेण व माती यांपासून उत्तम खत कसे करावे, हे त्यात दाखविलेले आहे. पुढे पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदाची ‘नाडेप’ पद्धत घालून दिली. तिच्यात शेण थोडे व माती-पाला पुष्कळ लागतो, ही तिची थोरवी. परंतु दहा फूट लांब व सहा फूट रुंद असा तो हौद शेतावर शोभतो. घराच्या परसात तो बांधावा म्हटल्यास बागेला जागाच उरत नाही. परसाला तीन फूट लांब, तीन फूट रुंद व दोन फूट खोल असा एक खड्डा पुरे. त्यात वीतभर पाला, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर मूठ-मूठ माती, असे थर देत जावे आणि ओलावा राखावा. माघातील पाला पावसाळा सरता सरता खत होऊन हाती येतो. शिवाय सगळाच पाला कुजविण्याची घाई नको. त्यातील निम्मा पोत्यांत भरून आडोशाला ठेवावा आणि चैत्रात आळ्यांवर चार बोटे जाडीचे आच्छादन म्हणून पसरावा. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली दंडासह मनाई केली आहे, हे खरे. पण खेड्यातील धूर दंडाच्या भीतीने थांबेल, असे वाटत नाही. पाल्याला काही किंमत आहे, हे दिसले तरच तो थांबेल. एक सावधगिरी हवी: विषाणूने आकसलेली टोमॅटोची व भेंडीची झाडे खड्ड्यात घालू नयेत, ती परसापासून दूर खोल पुरावीत.

परसबागेचे शत्रू पुस्तकात कीड व रोग म्हणून नोंदलेले असतात. प्रत्यक्षात पहिल्या क्रमांकावर शेळी आणि दुसऱ्यावर कोंबडी. महिनाभराची मेहनत शेळी एका सकाळी फस्त करते, आणि कोंबड्या आच्छादन उकरून बी वेचतात. कुंपणाला तुराट्या उत्तम. बोराटीच्या काट्याही चालतात. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र वापरू नयेत. त्यांतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि परसाचे कुंपण पुढील हंगामात शिवाराला बाधते. घराजवळ पऱ्हाट्यांचे ढीग ठेवू नका, असे शेतकऱ्यांना सांगणाऱ्यांनी कुंपणासाठी तुराट्याच सुचवाव्यात, हे ओघानेच आले.

दुसरी एक अडचण पत्रकांतून कधीच येत नाही. फाल्गुन-चैत्र हे वाळवणांचे दिवस. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, हळद, डाळी यांना ऊन हवे आणि पसरावयास जागा हवी. ती जागा म्हणजे परसच. बाग सारे परस व्यापून बसली तर घरातील वडीलधाऱ्या बायका तिला नाखूश होतात, आणि त्यांची नाखुशी रास्त असते. बागेचा चौक परसाच्या एका अंगास, मोरीच्या बाजूला ठेवला म्हणजे दोन्ही कामे निभतात. पण अलीकडे वाळवणाचे व स्वच्छतेचे निमित्त करून अंगण-परस सिमेंटच्या ठोकळ्यांनी संपूर्ण झाकून टाकण्याची चाल पडली आहे. असे परस वैशाखात तव्यासारखे तापते, आणि पावसाचा थेंब त्यात मुरत नाही. ठोकळे बसवावयाचेच असतील तर दहा बाय दहाचा एक चौक मातीचा राखावा. घर बांधतानाच तो राखला नाही, तर पुढे ठोकळे उखडून बाग करणारा विरळाच.

फाल्गुनात वेल दोन पानांवर असताना तांबडे भुंगेरे येतात व पानांची चाळण करतात. सकाळी दव असताना चुलीची गाळलेली राख धुरळल्यास ते बऱ्याच अंशी दूर राहतात. मावा-तुडतुड्यांसाठी लिटरभर पाण्यास पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची पूड रात्रभर भिजवून गाळलेला अर्क पुरतो. फळमाशीने डंखलेली कारली व दोडके वेलाखाली पडू न देता रोजच्या रोज वेचून दोन फूट खोल पुरावेत. एवढ्या एका शिस्तीने जे साधते ते औषधाने साधत नाही. परसातील भाजीवर विषारी औषधे मारू नयेत, कारण फवारणी आणि स्वयंपाक यांत तेथे चार दिवसांचेही अंतर राहत नाही. पुष्कळांची तक्रार असते की, वेलाला फुले येतात आणि गळून जातात. हा रोग नव्हे. या वेलांवर आधी नरफुले येतात, आणि उन्हाळ्यात तर ती अधिकच येतात. मादीफुलाच्या मागे बोटभर कोवळे फळ असते, त्यावरून ते ओळखावे. मधमाश्या कमी असतील तर नरफूल तोडून मादीफुलावर अलगद टेकवावे. काकडी व कारले यांसाठी हे काम भल्या सकाळी करावे. दुधी व दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांच्यासाठी दिवेलागणीची वेळ साधावी. घरातील मुले हे काम मोठ्या आवडीने करतात.

हे सर्व खरे असले, तरी ज्या गावाला फाल्गुनातच टँकर लागतो तेथे काय? तेथे उपदेशाने बोलण्याचा अधिकार कोणासही नाही. उन्हाळी परसबागेमुळे घरातील बाईला एक हंडाही अधिक वाहावा लागत असेल, तर ती बाग नको, असा नियमच असावयास हवा. अशा गावी दोन झाडे मात्र निभतात: न्हाणीच्या पाण्यावरचा शेवगा आणि कढीपत्ता. शेवग्याची कोवळी पाने ही पालेभाजीच होय, आणि तिला वाफा, आळे, मांडव काहीच लागत नाही. सांडपाण्याच्या बादल्या नेऊन ओतणे हेही कामच आहे, आणि आजवर ते बायकांच्याच अंगावर पडत आले आहे. खड्डे काढणे, मांडव घालणे व कुंपण करणे एवढे घरातील पुरुषांनी माघात उरकून दिले, आणि सांजेच्या चार बादल्यांतील दोन त्यांनी उचलल्या, तर बाग टिकते. बाग बाईची व श्रमही बाईचे, अशी वाटणी जेथे आहे तेथे ती पहिल्याच वर्षी बंद पडते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

शासकीय यंत्रणेच्या हाती असलेली गोष्ट एकच, पण ती महत्त्वाची आहे. उन्हाळी भाज्यांचे बियाणे वेगळ्या पुडीत, वेगळ्या वेळी गावात पोचले पाहिजे. ‘पोषण पंधरवडा’ मार्च-एप्रिलच्या सुमारास येतो. तेव्हा भाजीचे महत्त्व सांगितले जाते, पण पेरणीची वेळ टळलेली असते. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरते. थंडी उतरणीला लागलेली, खरीप घरात आलेले, रब्बी शेतात उभी, बायका-पुरुष एकत्र जमलेले. यापेक्षा चांगली तिथी सापडणार नाही. दुधी, दोडका, कारले, भेंडी, गवार, माठ आणि राजगिरा अशा सात बियाणांची पुडी त्या दिवशी हाती पडली, आणि गुंठ्याच्या आराखड्याऐवजी दहा बाय दहाचा आराखडा तिच्यावर छापला गेला, तर खर्चात फारशी भर पडणार नाही. फक्त वाटपाचे वेळापत्रक पाच महिने अलीकडे आणावे लागेल. आणि कार्यालयीन कामकाजात वेळापत्रक बदलणे हेच बहुधा सर्वांत अवघड असते.

पहिल्या वर्षानंतर बहुतेक बियाणे घरचेच ठेवता येते. मात्र संकरित वाणाचे बी राखू नये. त्याची पुढील पिढी मूळ वाणासारखी येत नाही. सरळ वाणाच्या दुधीचे मधल्या बहरातील एक सुडौल फळ वेलावरच राखावे. देठ वाळून फळ हलविल्यावर आत बिया खुळखुळू लागल्या म्हणजे ते उतरवून स्वयंपाकघराच्या तुळईला टांगावे, आणि पौष सरता सरता फोडावे.